दहा बाय बाराच्या खोलीत ५.१ : खालचा बास जातो कुठे?

खर्जातला | ७ जुलै, २३:४१

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

गोरेगाव पूर्वेला भाड्याच्या फ्लॅटमधली एक बेडरूम मी मिक्सिंगला घेतली आहे. १० फूट रुंद, १२ लांब, ९ उंच. टॉवर नवा, चारही भिंती काँक्रीटच्या. पाच इंची वुफरवाले पाच स्पीकर आणि एक दहा इंची सब (सबवुफर, फक्त खालच्या सुरांचा स्पीकर), हेच ते ५.१. सब पुढच्या डाव्या कोपऱ्यात आहे, कारण उजवीकडे दार उघडतं. भिंतींवर दोन इंची फोम लावलाय (काळा, पिरॅमिडवाला. हसू नका). मी खोलीच्या बरोबर मधोमध बसतो, म्हणजे पाचही स्पीकर कानापासून सारख्या अंतरावर येतात.

मागच्या आठवड्यात एका वेब सिरीजचे दोन भाग मिक्स करून अंधेरीतल्या एका मोठ्या थिएटरात ऐकायला नेले. पाच मिनिटांत घाम फुटला. खाली नुसती घरघर. ट्रक गेला की खुर्ची हलते. आणि नायकाचा आवाज मात्र पातळ, त्याला छातीच नाही. घरी बास जेमतेम वाटत होता, म्हणून मीच तो वाढवत नेला होता.

४० हजार बाजूला काढलेत. बारा इंची सब घेऊ, की भिंतींवर खर्च करू?

नादखुळा | ७ जुलै, २३:५८

बारा इंची घ्या, डोळे झाकून. दहा इंचीत दम नसतो. माझ्याकडे हॉलमध्ये बारा इंची आहे, सिनेमा लावला की वरच्या मजल्यावरून फोन येतो.

गिरगावकर | ८ जुलै, ००:१०

वरून फोन येणं ही गुणवत्तेची खूण असेल, तर आमच्या गल्लीतला डीजे जगात पहिला.

मंद्र_सप्तक | ८ जुलै, ०८:२२

खर्जातला, खरेदी थांबवा. आधी तीन गोष्टी सांगा.

१. सबला सिग्नल कुठून जातो? फक्त एलएफईच्या (खालच्या धक्क्यांसाठीचा वेगळा चॅनेल, ५.१ मधला .१) आउटपुटमधून, की पाचही चॅनेलचा खालचा भाग वळवून?
२. लेव्हल कशाने लावली?
३. नायकाच्या आवाजावर खालच्या बाजूला काही ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणं) केलंय का?

पंधरा वर्षं हेच काम करतोय. दहापैकी आठ वेळा रोग सबमध्ये नसतो.

खर्जातला | ८ जुलै, ०९:०५

१. फक्त एलएफई. ऑडिओ इंटरफेसचा सहावा आउटपुट थेट सबला.
२. मित्राचं एसपीएल मीटर (आवाजाची पातळी मोजणारं), सी वेटिंग (यात खालचे सूरही मोजले जातात). पिंक नॉइज (मोजणीचा सलग खरखराट) वाजवून सहाच्या सहा चॅनेल ७८ डीबीवर आणले.
३. हो, १०० हर्ट्झच्या आसपास ३ डीबी कापलेत. आवाज बोजड वाटत होता.

लंबक | ८ जुलै, १०:४७

तिसऱ्या उत्तरात निम्मा उलगडा आहे. मी स्टुडिओवाला नाही, भौतिकशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न माझ्या फळ्यावरचा आहे.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी अडकला की ठरावीक कंपनांना तो स्वतःवरच बसतो. सगळ्यात खालचं कंपन काढायचं तर ध्वनीच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. आपल्या हवेत वेग सेकंदाला साधारण ३४६ मीटर, म्हणजे ११३५ फूट. तुमच्या १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५७ आणि ९ फुटांना ६३.

आता गंमत. या पहिल्या कंपनांमध्ये दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. तुम्ही लांबीच्या मध्यावर आहात, रुंदीच्याही मध्यावर आहात, आणि खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून चार फुटांवर, म्हणजे उंचीच्याही जवळजवळ मध्यावर. ४७, ५७ आणि ६३, तिन्ही खड्ड्यांत एकाच वेळी डोकं घालून बसलायत! याच्या दुप्पट कंपनांचं उलटं असतं, ती मधोमध फुगतात. ४७ ची दुप्पट ९४. म्हणून तुम्हाला १०० जवळ आवाज बोजड वाटला आणि तुम्ही तो कापला. थिएटरात तो फुगा नव्हता, नायकाची छाती गेली. खाली खड्डा होता म्हणून तुम्ही भर घातली. थिएटरात तो खड्डाही नव्हता.

बारा इंची सब आणलात तरी खड्डा त्याच जागी राहणार. चोवीस इंची आणलात तरीही.

डग्गा | ८ जुलै, ११:१५

लंबक सर, रोगाचं निदान आजपर्यंत इतक्या सोप्या भाषेत कोणी सांगितलं नव्हतं. मी तबलजी. घरी रियाझाला बसलो की खोलीच्या एका ठरावीक जागी डग्ग्याचा घुमारा मरतो. दोन वर्षं मी शाईला दोष देत होतो, कारागिराकडे दोनदा नेऊन आलो. बिचारा म्हणाला, "यात काही नाही हो, दुसरीकडे बसून बघा." ऐकलं नाही.

लोकलवाली | ८ जुलै, १३:३०

सरांच्या मुद्द्याला माझं एक शेपूट. मी साउंड एडिटर, डोंबिवली ते अंधेरी रोजची वारी.

छोट्या मिक्स रूममध्ये मिक्सर मध्ये बसतो आणि निर्माते मागच्या सोफ्यावर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. म्हणजे दाब सर्वांत जास्त तिथे. मिक्सर म्हणतो खाली काही नाही, निर्माते म्हणतात "अहो, बास कमी करा, पोटात गोळा येतोय." दोघेही खरं बोलत असतात! आमच्याकडे एकदा या वादात अर्धा दिवस गेला. शेवटी मी दोघांना जागा बदलायला लावल्या. दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

आता निर्माते आले की मी सोफा दीड फूट पुढे ओढते आणि सांगते, मागे एसीचं पाणी गळतंय.

गिरगावकर | ८ जुलै, १३:४४

ताई, पावसाळ्यात हे कारण चालेल. मे महिन्यात काय सांगता?

लोकलवाली | ८ जुलै, १३:५१

मे महिन्यात एसी खरंच गळतो.

सुतारपक्षी | ८ जुलै, १६:२०

स्टुडिओची लाकूडकामं करतो, म्हणून फोमवर बोलतो. दोन इंची फोम टाळीचा खणखणाट मारतो, बासला हातसुद्धा लावत नाही. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ सात मीटर लांब. हवा जोरात हलते ती भिंतीपासून पाव लहर दूर, म्हणजे पावणेदोन मीटरवर. भिंतीला चिकटलेल्या दोन इंचात हवा हलतच नाही, मग फोम शोषणार काय? उलट वरचं सगळं खाऊन खालचं तसंच ठेवतो, खोली आणखी घुम्मट होते. गिऱ्हाईकं फोटो दाखवून तेच मागतात. मी लावतोही, पोट आहे.

करायचं तर कोपरे भरा. चारही उभे कोपरे, जमिनीपासून छतापर्यंत, ४८ घनतेचं रॉकवूल, समोरची बाजू दोन फूट रुंद येईल असं तिकोनी. वर साधं कापड. मागच्या भिंतीला सहा इंच जाडी आणि मागे जमेल तेवढी पोकळी. पावसाळ्यात भिंत ओल धरत असेल तर पॅनेल भिंतीला टेकवू नका, दोन इंच हवा राहू द्या. नाहीतर चार महिन्यांत बुरशी, आणि तो वास एसी सुरू केल्याबरोबर येतो. लोकरीला हात लावताना हातमोजे, मास्क आणि जुना शर्ट. नंतर शर्ट फेका, बायकोच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका. अनुभव.

नादखुळा | ८ जुलै, १७:०२

म्हणजे काहीच विकत घ्यायचं नाही? धाग्याची मजाच गेली.

लंबक | ८ जुलै, १८:३५

सुतारपक्षी, कोपरे भरूनही ४७ ला फारसा फरक पडणार नाही असं माझं गणित सांगतं. त्याला पडद्यासारखा हलणारा बंद डबा लागेल. १२ मिमी प्लाय, मागे नऊ इंच बंद पोकळी, आत थोडी लोकर. हिशोबाने बरोबर ४७ च्या आसपास बसतं.

सुतारपक्षी | ८ जुलै, १९:१०

सर, हिशोबाने. प्लायचं वजन दुकानागणिक बदलतं, आणि डब्याला एक फट राहिली की सगळं मुसळ केरात. असे चार डबे केलेत, त्यातले दोन लागले. उरलेल्या दोनांवर गिऱ्हाईक आता गणपती बसवतं. आधी खुर्ची हलवा, सब हलवा, दोन्ही फुकट आहेत. डबा शेवटी.

मंद्र_सप्तक | ८ जुलै, २१:४०

सुतारपक्षींशी सहमत. आता माझ्या पहिल्या दोन प्रश्नांकडे येतो, कारण नुसती खुर्ची हलवून थिएटरातली घरघर जाणार नाही.

एलएफई हा चॅनेल आहे आणि सब हे डबडं आहे. या दोघांना एकच समजणं हा आपल्या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज. तुमचे पाच इंची स्पीकर ५५-६० च्या खाली हात टेकतात. सब फक्त एलएफई ऐकवतो. मग सेंटर, लेफ्ट, राइट आणि सराउंड यांत ५५ च्या खाली जे काही आहे ते तुमच्या खोलीत कोणीच वाजवत नाही. आणि तिथे काय असतं? शूटिंगच्या जागेवरचा जनरेटर, लांबून गेलेली बेस्टची बस, माइकच्या बूमला (लांब दांडीला) लागलेला हात. थिएटरातले पडद्यामागचे स्पीकर चांगले ४० पर्यंत जातात. त्यांनी ते सगळं पहिल्यांदाच ऐकवलं, तुम्हाला आणि निर्मात्यालाही.

उपाय बास मॅनेजमेंट. पाचही चॅनेलमधून ८० च्या खालचं वळवून सबला द्यायचं, त्यात एलएफई मिसळायचा. बहुतेक इंटरफेसच्या मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये हे होतं, नाहीतर प्लगइन मिळतात. फक्त हे मॉनिटरच्या (तुम्ही ऐकता त्या स्पीकरच्या) वाटेवर लावा. एकाने ते डिलिव्हरीच्या फाइलमध्येच छापलं होतं. नाव घेत नाही, तो मीच होतो.

लेव्हलचं सांगतो. एलएफई वाजवताना मुख्य चॅनेलपेक्षा १० डीबी वर वाजायला हवा. तुम्ही सगळे ७८ वर आणलेत, म्हणजे तुमचा एलएफई कमी वाजतोय. मग तुम्ही मिक्समध्ये तो फेडर वर नेणारच.

नादखुळा | ८ जुलै, २१:५५

म्हणजे मीटरवर ८८ आणायचा. सोपं आहे.

मंद्र_सप्तक | ८ जुलै, २२:०८

नाही! इथेच लोक घसरतात. ते १० डीबी पट्ट्यापट्ट्याने मोजायचे. आरटीएवर (प्रत्येक पट्ट्याची लेव्हल वेगळी दाखवणारा आलेख) बघितलं तर एलएफईच्या पट्ट्यातली रेघ सेंटरच्या त्याच पट्ट्यापेक्षा १० वर दिसली पाहिजे. मुख्य चॅनेलचा पिंक नॉइज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, एलएफईचा फक्त १२० पर्यंत. त्यामुळे सी वेटिंगच्या मीटरवर एकूण फरक साधारण ४ च दिसतो. तुमच्या ७८ ला ८२. मीटरवर ८८ आणलात तर उलट्या दिशेने त्याहून मोठी चूक होईल आणि पुढच्या थिएटरात सगळं कोरडं वाजेल.

जाता जाता: मोठ्या थिएटरची ८५ ची लेव्हल या खोलीत आणू नका. तेवढ्या खोलीला ७६ ते ७९ पुरे. पण हळू ऐकताना कान बास कमी ऐकतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच तसं मोजून दाखवलंय. म्हणून एक लेव्हल ठरवली की ती सोडायची नाही. रात्री हळू, सकाळी जोरात असं करत गेलात तर रोज वेगळा बास लागेल.

लोकलवाली | ८ जुलै, २२:३०

एलएफईबद्दल माझी जखम. पाच वर्षांपूर्वी एका मालिकेत इमारत कोसळते असा प्रसंग होता. मी सगळी कोसळणी प्रेमाने एलएफईत भरली. स्टुडिओत अंगावर काटा. प्रसारण झालं तेव्हा सासूबाईंच्या टीव्हीवर इमारत पडली ती पत्र्याच्या डब्यासारखी. स्टिरिओत उतरवताना एलएफई सहसा टाकूनच देतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता मूळ धक्का लेफ्ट-राइटमध्ये ठेवते, एलएफईत फक्त वरची फोडणी.

सासूबाई अजून विचारतात, "त्या दिवशी तो डबा कोणाचा पडला गं?"

काळोखातला_सा | ९ जुलै, ००:२६

हेडफोन लावा आणि मोकळे व्हा. खोलीची भानगडच नको.

मंद्र_सप्तक | ९ जुलै, ०७:५०

तपासायला हेडफोन उत्तमच. जनरेटरची घरघर, बूमचा धक्का हेडफोनवर लगेच पकडता येतो, मी रोज वापरतो. पण एलएफई किती लागतो हे कानाच्या पाळीला विचारून कळत नाही, त्याला पोट आणि खुर्ची लागते.

सेक्रेटरी_नव्हे | ९ जुलै, ०९:१५

सोसायटीच्या बाजूने चार शब्द. (आयडी बघून हसू नका, सहा वर्षं त्या खुर्चीवर होतो.)

आमच्याकडे एकाने घरात स्टुडिओ काढला. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार, रात्री छाती धडधडते. मीटर आणून मोजलं, आकडा नियमात! निवासी भागाला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५. काका संतापले, मला वाटलं काकांना भास होतोय. नंतर एका अभियंत्याने समजावलं. हे आकडे ए वेटिंगचे. ए वेटिंग ५० हर्ट्झला तब्बल ३० डीबी वजा करतं. मीटरला जे ऐकूच येत नाही ते काकांच्या पलंगाला ऐकू येत होतं. काकांची माफी मागितली.

खर्जातला | ९ जुलै, ०९:४०

बापरे. माझ्या खालीही एक काका आहेत. सबखाली रबराचे पॅड घातले तर?

सुतारपक्षी | ९ जुलै, १०:०२

पॅडने लादीतून जाणारा धक्का थोडा कमी होतो. हवेतून स्लॅबला जो दणका बसतो तो तसाच. तो थांबवायचा तर खोलीत दुसरी खोली, तरंगती जमीन, वेगळं छत. भाड्याच्या घरात मालक तुम्हालाच तरंगवेल. काकांना चहाला बोलवा, रात्री दहानंतर हेडफोन. यापेक्षा स्वस्त इन्सुलेशन नाही.

गिरगावकर | ९ जुलै, ११:३३

अवांतर: माझा मावसभाऊ आमच्या चाळीत दहा बाय अकराच्या खोलीत मिक्सिंग करतो. लाकडी पार्टिशन, वर पोटमाळा, खिडक्यांना काचेऐवजी पुठ्ठा. त्याचा बास स्वच्छ असतो, अगदी मोठ्या स्टुडिओतली माणसं म्हणतात. आता कळलं का. आमच्याकडे बास घुमत नाही, तो शेजारी जाऊन बसतो.

लंबक | ९ जुलै, १२:२०

विनोद म्हणून लिहिलंत, पण शास्त्र बरोबर आहे. पातळ पार्टिशन स्वतः हलतं आणि हलताना ऊर्जा खातं, उरलेली पलीकडे सोडतं. काँक्रीटची भिंत हलत नाही, सगळं आत परत फेकते. शेजाऱ्याला त्रास कमी तितका तुम्हाला जास्त. खर्जातला, घुमतं तेव्हा बाल्कनीचं दार उघडून बघा.

खर्जातला | ९ जुलै, २२:१५

उघडलं. खरंच बास सुटसुटीत झाला! आणि समोरच्या विंगमधून कुत्रा भुंकायला लागला.

उद्या मोजमाप. मोजणीचा यूएसबी माइक लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या एकाने दोन दिवसांसाठी दिलाय. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय, फुकट आहे.

लोकलवाली | ९ जुलै, २२:२९

रुळांजवळ राहत असाल तर रविवारी मेगाब्लॉकमध्ये मोजा. रोज शिव्या देतो त्याचा एवढा तरी उपयोग.

खर्जातला | १३ जुलै, १९:४८

आज सकाळी अकराला बसलो. ताईंचा सल्ला पाळला, आमच्या बाजूची लाइन खरंच बंद होती. १५ ते ३०० हर्ट्झ स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर), स्मूदिंग बंद (आलेखाची रेघ गुळगुळीत न करता).

जुन्या जागी माइक ठेवला. लंबक सर, तुमच्या पाया पडतो. ४६ ते ६२ मध्ये सरळ दरी, आजूबाजूपेक्षा १७-१८ डीबी खाली. ९५ ला डोंगर. आकडे तुम्ही खोली न बघता सांगितले होते.

मग सब खुर्चीच्या जागी उचलून ठेवला, गुरगुरणारा आवाज लावला आणि मी चारही भिंतींच्या कडेने रांगत फिरलो, कान जमिनीपासून फूटभर. (सब जिथे ठेवायचा तिथे आपण जायचं आणि आपण बसतो तिथे सब. युक्ती जुनीच आहे, लाज नवी असते.) आईने दारातून बघितलं, काही न बोलता निघून गेली. पुढच्या भिंतीपाशी, मधून थोडं उजवीकडे, सगळे सूर जवळजवळ सारखे लागले. कोपऱ्यात काही सूर दणदणीत आणि काही गायब.

खुर्ची पुढच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली. सराउंड स्पीकर मागेच राहिले, म्हणून पुढच्या तिघांना डिले देऊन जुळवलं. दरी आता ७ डीबीची आहे, डोंगर निम्मा.

मंद्र_सप्तक | १३ जुलै, २०:१६

छान. साडेचार म्हणजे लांबीच्या ३८ टक्के. तो आकडा सुरुवात म्हणून चांगला, दगडावरची रेघ समजू नका. आता ९५ चा उरलेला डोंगर ईक्यूने उतरवला तर चालेल, एकाच खुर्चीपुरतं आहे. दरीत मात्र ईक्यूने भर घालू नका. १० डीबी वाढवायचे म्हणजे अँपला दहापट ताकद लागते, आणि ती सगळी त्याच दरीत जाते. सबची फेज (लहर सुलटी की उलटी) ० आणि १८० दोन्हीवर मोजा. ८० च्या आसपास सेंटर आणि सब एकत्र वाजवल्यावर ज्यात रेघ वर येते ती ठेवा.

नादखुळा | १३ जुलै, २०:४०

दुसरा सब तरी घेऊ द्या हो त्यांना!

लंबक | १३ जुलै, २१:०५

यावेळी नादखुळा चुकले नाहीत. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये हेच तपासलं होतं, किती सब पुरेत. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवले तर दोनही बरंच काम करतात, एकमेकांच्या काही लहरी मारतात. पण त्याचा मोठा फायदा अनेक खुर्च्यांना. मधल्या एका माणसासाठी आधी जागा आणि कोपरे.

नादखुळा | १३ जुलै, २१:०९

हे वाक्य मी प्रिंट काढून भिंतीला लावतोय. "नादखुळा चुकले नाहीत."

डग्गा | १४ जुलै, १०:५०

कागद भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच हवा राहू द्या.

खर्जातला | २ ऑगस्ट, २३:१२

धागा वर काढतोय, कारण आज पुन्हा त्याच थिएटरात गेलो होतो.

मधल्या तीन आठवड्यांत: बास मॅनेजमेंट ८० ला. एलएफई मीटरवर ८२. चारही कोपरे रॉकवूलने भरले, सुतारपक्षींच्या मापाने. सुतार, कापड, लोकर, टेम्पो धरून २६ हजार. फोम काढून टाकला, वरच्या मजल्यावरची मुलगी गिटारच्या खोलीसाठी घेऊन गेली. तिला सगळं सांगितलं, तरी तिला तो दिसायला आवडतो.

बास मॅनेजमेंट सुरू केल्यावर पहिल्या दिवशी जुनाच भाग लावला आणि खुर्चीतून उठलो. दुसऱ्या सीनमध्ये दोघं बाल्कनीत बोलतायत आणि खाली सलग जनरेटर. सहा वेळा तो सीन मिक्स केला होता, एकदाही ऐकू आला नव्हता. संवादांना ८० च्या खाली कात्री लावली. १०० जवळ कापलेले ३ डीबी परत दिले.

थिएटरात नायकाला छाती आली. ट्रक ट्रकसारखा गेला. निर्माते दोनच वाक्यं बोलले, त्यातलं एक जेवणाबद्दल होतं.

पूर्ण बरं झालं असं नाही. ४७ ला शेपूट अजून लांब आहे, धबधब्याच्या आलेखात बाकी सगळे विझतात आणि हा एकटा रेंगाळतो. एका दृश्यात ढोल आहे, त्याच्या दोन थापांमधली जागा माझ्या खोलीत भरून येते, थिएटरात रिकामी होती. तिथे मला अजून स्वतःच्या खोलीवर विश्वास ठेवता येत नाही.

सुतारपक्षी | ३ ऑगस्ट, ०८:३०

आता डब्याची वेळ. नऊ इंच खोल, मागच्या भिंतीच्या मध्यावर. गणपतीआधी माणसं मोकळी नाहीत, नंतर बोला. लंबक सरांना प्लायचं वजन करायला बोलावू.

लंबक | ३ ऑगस्ट, ०८:५५

वजनकाटा घेऊन येतो.

खर्जातला | ३ ऑगस्ट, २३:३७

अजून एक. स्वीप ३८-४० वरून जाताना खोलीत कुठेतरी किणकिण होते. स्पीकर नाही, सब नाही, लोखंडी कपाट बाहेर काढून झालं.

गिरगावकर | ३ ऑगस्ट, २३:४१

देव्हाऱ्यातली घंटा?

खर्जातला | ३ ऑगस्ट, २३:४४

देव्हारा हॉलमध्ये. तरी आईला विचारून हातात धरून बघितली. नाही.

लोकलवाली | ३ ऑगस्ट, २३:५२

एकेक वस्तूवर तळहात ठेवत फिरा, स्वीपऐवजी ३९ चा सलग सूर लावून. आमच्याकडे ट्यूबलाइटची पट्टी निघाली होती.

खर्जातला | ४ ऑगस्ट, ००:२०

सापडलं. पडद्याच्या दांडीची शेवटची कडी. लाइट बिलाच्या पाकिटाची घडी करून खुपसली आहे. दहा कधीच वाजून गेलेत, काका झोपले असतील. स्वीप सकाळी.